एकसष्ट वर्षांची ऋजुता

सांगलीच्या त्या हळद कारखान्यात निवृत्तीसाठी आता जन्मतारीख कुणी विचारत नसे. वर्षातून एकदा नखं कापून पाकिटात द्यायची, की यंत्र पेशीवय सांगे. पेशीवय म्हणजे शरीरातल्या पेशी प्रत्यक्षात किती झिजल्यात, ते वय. साठ ओलांडलं की घरी.

हा नियम कुसुमताई दबडे यांनी भांडून आणलेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनी सक्तीनं काढत होती, तेव्हा त्यांनी फाटकातच बैठक मारली. अर्ज लिहून दिला होता ऋजुतानं. 'माणसाचं वय कागद नव्हे, शरीर सांगतं,' हे वाक्य तिचंच.

यंदा एकसष्ट वर्षांच्या कुसुमताईंचं पेशीवय एकतीस निघालं आणि एकतीस वर्षांच्या ऋजुताचं एकसष्ट.

"पाकिटं बदलली असणार," ऋजुता कारखान्याच्या डॉ. मुजावरांना म्हणाली. हळद निवडणाऱ्या सगळ्यांचीच नखं पिवळी, ओळखायची कशी? मग तिच्या लक्षात आलं, की तसं असेल तर शेजारी बसलेल्या कुसुमताईंची नोकरी जाईल. तिनं जीभ चावली. पण कुसुमताईंनी स्वतःच नेलकटर उघडलं.

"पुन्हा मोजा हो डॉक्टर. लेकुरवाळी आहे ती."

पुन्हा तेच आकडे आले.

डॉक्टरांनी समजावलं, की पेशींची डागडुजी झोपेत होते. झोप मोडली, काळजी वाढली, की जुने खड्डे बुजायच्या आत नवे पडतात. बाळ दहा महिन्यांचं ना? मग रात्री किती वेळा उठता? ऋजुताला मोजता येईना. बाळ रडलं की ती उठायचीच, आणि रडलं नाही की श्वास चालू आहे ना, हे बघायला उठायची.

"पण हे वय उतरतं ना?"

"उतरतं की. बाळ झोपायला लागलं की."

"तोवर?"

"तोवर तुम्ही निवृत्त."

कुसुमताईंचा चेहरा पडला. "माझी तर तीन पोरं, वर दम्याच्या सासूबाई. तेव्हा माझं किती आलं असतं?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "सत्तरच्या आसपास."

"म्हणजे माझ्याच नियमानं मला तिशीत घरी बसवलं असतं."

शनिवारी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र. व्यवस्थापक ऋजुताच्या प्रदीर्घ सेवेबद्दल वीस मिनिटं बोलले. सेवा पाच वर्षांची. बाळ कुसुमताईंच्या मांडीवर नारळाची शेंडी उपटत होतं. शेवटी सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली, तर सत्कारमूर्ती शालीत गाढ झोपलेल्या.

"उठवू नका तिला," कुसुमताई हळूच म्हणाल्या. "आणि मला कागद द्या. या वेळचा अर्ज मी लिहिते."

सगळे गप्प झाले. बाळही शेंडी सोडून शांत झालं.

त्या शांततेनं ऋजुता दचकून उठली. शाल खाली पडली. कुणाकडे न बघता तिनं आपलं पिवळं बोट बाळाच्या नाकापाशी धरलं.