उजव्या हाताच्या बांगड्या

"हात नको लावू तिले!" सासूचा, सुंदरबाईंचा, आवाज कडाडला आणि गोठ्याच्या दारातच कमलबाईचं पाऊल थिजलं...

आत तांबडी शेळी सकाळपासून कळा देत होती. दुपार कलली, तरी करडाचा एकच खूर बाहेर दिसत होता! शेळी गेली, तर ती एकटी जाणार नव्हती. धाकटी जाऊ इंदिराबाई बाळंतपणात गेली. तिची महिन्याची पोर शेजारच्या भिकुबाईच्या अंगावर पीत होती, आणि परवा तापाने भिकुबाईचं दूध आटलं. गायीचं दूध पोरीला पचेना. त्या माघात गावात दुसरी शेळीही व्यायलेली नव्हती. ओसरीवरचं रडणं आता अगदी बारीक झालं होतं...

आणि त्या पोरीला कमलबाईने शिवायचंही नव्हतं! लग्नाला सात वर्षं होऊन कूस उजवली नाही, एवढाच तिचा अपराध. नवरा अभिमन पलटणीबरोबर ब्रह्मदेशात. चार महिने पत्र नाही, त्याचंही खापर तिच्याच माथी! बिचारी सारं गिळत आली होती.

"माय, करडूचा एक पाय आत दुमडाई जायेल शे," ती कळवळून म्हणाली. "मन्हा बाप बकऱ्या चारे. मी असा पाय काढेल शे. मन्हा हात बारीक शे, आत जाई."

"आन् बांगड्या?"

बांगड्या! मनगटात घट्ट बसलेला हिरवा चुडा. तेल लावून तो उतरवत बसायला सवड कुठे होती? आणि काचेसकट हात घालणं म्हणजे शेळीला आतून फाडणं. नवरा लढाईवर असताना सवाष्णीने आपल्या हातांनी बांगड्या वाढवायच्या...! देवा, हे माझ्याच वाट्याला का रे?

ओसरीवरचं रडणं थांबलं.

कमलबाईने गव्हाणीच्या दगडावर उजवं मनगट आपटलं.

"कमल! मन्हा आंडोर तठे...!" लेकाच्या धास्तीने सुंदरबाईंनी हंबरडा फोडला.

"त्यासले काही व्हयनं त मी भी मरी जासू, माय! पण हाई पोर आजच मरी जाई!"

काचा झटकून, हात धुऊन तिने कोपरापर्यंत तेल चोपडलं. कळ ओसरताच करडू हलकेच मागे लोटलं, दुमडलेला गुडघा बोटाने शोधला... सरकला... पुन्हा सापडला, तसा पाय ओढून सरळ केला! पुढच्या कळेसरशी करडू तिच्या पदरात पडलं. हालचाल नाही. तिने नाकातोंडातला चिकटा पुसला, गवताने अंग घासघास घासलं, आणि ते ओरडलं!

करडाला पाजून वाटीभर दूध काढलं, तोवर सुंदरबाई पोरीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी पोर कमलबाईच्या मांडीवर ठेवली. कापसाच्या बोळ्याने कमलबाई थेंब थेंब सोडू लागली. तिच्या मोकळ्या मनगटातून रक्त ओघळत होतं. ते बांधायला सुंदरबाईंनी पदर फाडला... आणि हात मध्येच आखडला.

"मी रांडमुंड बाई, कमल... तुन्हा असा हातले मी कशी शिवू वं?"

कमलबाईने भरल्या डोळ्यांनी वर पाहिलं आणि मनगट पुढे केलं.

"बांधा, माय."

सुंदरबाईंनी ते दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि त्यावर कपाळ टेकून त्या ओक्साबोक्शी रडल्या. मांडीवरच्या पोरीने बोळा चोखायला सुरुवात केली होती.