घाणेरीतला खंड्या

"डोकं खाली घे, वरद! तुझी ती लाल टोपी चाकणच्या चौकातूनसुद्धा दिसेल!"

योगिनीने हात लांब करून मामेभावाची टोपी काढली आणि स्वतःच्या पोटाखाली दाबली. दोघं मुरमाच्या ढिगाऱ्याआड पालथी पडली होती. शेजारची करिष्मा तोंडावर ओढणी घेऊन गुडघ्यांवर बसली होती.

सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी जेसीबी लावून अर्धं टेकाड कापलं होतं आणि काम तिथेच सोडून दिलं होतं. कापलेल्या उभ्या मातीत खंड्याच्या जोडीने बीळ केलं होतं. कासारवाडीहून सुट्टीसाठी मामाकडे आल्यापासून योगिनीचा मुक्काम या प्लॉटवरच होता. मामाने स्वतःची जुनी दुर्बीण तिच्या गळ्यात घातली होती आणि सांगितलं होतं, "बिळात पिल्लं आहेत बघ. बाहेर येतील तेव्हा मला पहिली हाक मार."

पण आज काहीतरी बिनसलं होतं.

"कालपर्यंत कसा गोंगाट करत होती पिल्लं! आज ऐक," योगिनी कुजबुजली.

करिष्माने कान दिला. "बारीक आवाज येतोय. लई बारीक. उपाशी हायत का गं?"

"आई-बाप बिळात गेलेच नाहीत सकाळपासून. तो बघ, तिथेच बसलाय!"

तपकिरी डोक्याचा, निळ्या पाठीचा खंड्या बिळासमोरच्या वाळक्या फांदीवर बसला होता. चोचीत सरडा होता. तो बिळाकडे झेपावणार, तेवढ्यात शेजारच्या घाणेरीच्या झुडपातून दुसऱ्या खंड्याची किंचाळी आली. पहिल्याने सरडा टाकून दिला आणि आरडाओरडा करत झुडपावर घिरट्या घातल्या. त्याची मादीही धावून आली. दोघं दमून फांदीवर टेकली. झुडपातून पुन्हा किंचाळी! पुन्हा घिरट्या!

"हा दुसरा घर बळकवायला आलाय," वरद म्हणाला.

"मग तो दिसत का नाही?" योगिनीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली. "एवढा मोठा पक्षी, एवढी लाल चोच आणि इतका वेळ झुडपात लपून बसेल? खंड्या कधी असा लपतो का?"

"आन् ही फांदी तरी कवा उगवली?" करिष्माने बोट दाखवलं. "काल इथं काहीच नव्हतं."

योगिनीला आता दिसलं. फांदीला मुळंच नव्हती! तिचा बुंधा तारेने लोखंडी गजाला बांधला होता आणि गज जमिनीत ठोकला होता.

"पक्षी पकडणारे!" वरद दबक्या आवाजात ओरडला. "नक्की! जाळं असणार झुडपात! चला, बघू या!"

तिघं रांगत निघाली आणि समोर काठी आपटली. वॉचमन सयाजीकाका!

"व्हा मागं! साहेब लोक म्हनत्यात, पोरं पाखरं उडवत्यात. आजपासून कुनी हितं यायचं न्हाई!"

"आम्ही उडवतो?" योगिनीचे कान तापले. "काका, कोण साहेब? कधी म्हणाले?"

"त्ये मला इचारू नगा. कॅमेरेवालं हायत. पळा!"

तिघं घरी परतली. पिल्लं उपाशी मरत होती आणि बोल मात्र या तिघांना लागत होता!

जेवताना मामी म्हणाल्या, "एवढी तोंडं का पाडलीत? कसा ओरडतो गं तुमचा तो खंड्या?"

योगिनीला नकला छान जमायच्या. तिने घास गिळला आणि आवाज काढला, "किलिलिलिली! किलिलिलिली! पोंऽऽऽ!"

वरदला ठसका लागला. "आणि हे पोंऽऽऽ काय?"

"गाडीचा भोंगा. लोणावळ्याची लोकल."

"योगे, चाकणला रेल्वे आहे कुठे?"

योगिनीचा हात ताटातच थांबला. खरंच की! कासारवाडीला तिचं घर रुळांना लागून. तिथे कोकीळ ओरडो की कावळा, मागे भोंगा असायचाच. सकाळपासून झुडपातली प्रत्येक किंचाळी भोंग्यासकट येत होती आणि तिला त्यात काही वावगंच वाटलं नव्हतं! इथल्या रस्त्यावरून ट्रक जात होते, कंपनीच्या बसेस जात होत्या. रेल्वे येणार कुठून?

"वरद," ती सावकाश म्हणाली, "झुडपात पक्षी नाहीच. स्पीकर आहे."

दुपारी तिघंही हॉलमध्ये पत्ते खेळत बसली होती. खेळात मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. कॅमेरेवाले कोण? सोसायटीत मोठी लेन्स कुणाकुणाकडे आहे? करिष्माला तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा संशय होता. वरदला सगळ्यांचाच होता.

इस्पिक टाकता टाकता योगिनीची नजर टीव्हीमागे गेली. चार्जिंगला एक छोटा स्पीकर लावला होता. त्याला हिरवं फडकं गुंडाळलं होतं आणि फडक्यात घाणेरीचं बारीकसं फूल अडकलं होतं.

वरदने उठून स्पीकरमधलं मेमरी कार्ड नीट बसवलं, आवाज कमी केला आणि बटण दाबलं.

"किलिलिलिली! किलिलिलिली! पोंऽऽऽ!" आणि लगेच, लांबून एका बाईचा आवाज, "योगेऽ, दूध उतू गेलं!"

"ही तर आई!" योगिनी पुटपुटली.

करिष्माने भिंतीला पाठ टेकली. "तुझी आई झुडपात कामून बोलायली?"

योगिनीला सगळं उलगडलं. मामा तिला न्यायला आला होता, तेव्हा गॅलरीत मोबाइल धरून बराच वेळ उभा होता. आईने हाक मारली तसं त्याने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं होतं!

ज्याने दुर्बीण दिली, तोच?

सेकंड शिफ्टला निघायला मामा बूट चढवत होता. तिने धीर करून विचारलं, "मामा, पक्ष्याला खोटा आवाज ऐकवून बोलावलं तर त्याला त्रास होतो का रे?"

"छे गं! येतो, बसतो, जातो. त्याला काय होतंय?" मामा हसला. "आज पक्ष्याला फांदीची सवय लावलीय. उद्या सकाळी आमचे रणजीत साहेब आणि फोटो क्लबातले लोक येणार आहेत. कंपनीच्या कॅलेंडरसाठी खंड्याचा झेप घेतानाचा फोटो हवाय त्यांना. तुम्ही मात्र तिकडे फिरकू नका हं. पोरांच्या आवाजाने पक्षी बुजतो."

"पण पिल्लं..."

दार लागलंसुद्धा!

"बाबा ऐकणार नाहीत," वरद म्हणाला. "साहेबांना शब्द दिलाय ना त्यांनी."

"मग ते ऐकतात कुणाचं?" करिष्माने विचारलं.

योगिनी आणि वरदने एकमेकांकडे पाहिलं. सुरेंद्रमामा जगात एकाच माणसाला घाबरायचा. योगिनीने मामींचा फोन घेतला आणि आईला लावला.

सकाळी चौघं कॅमेरेवाले तीन पायांच्या तिकाट्या रोवून हिरव्या जाळीमागे बसले. मधोमध रणजीत साहेब. मुलं सोसायटीच्या गच्चीवर होती. तिथे जायला कुणी बंदी केली नव्हती! मामाने स्पीकर झुडपात ठेवला, बटण दाबलं आणि धावत जाळीमागे गेला.

खंड्या फांदीवर आला. चोचीत बेडूक. सगळे श्वास रोखून बसले.

"सुऱ्याऽऽ!" घाणेरीतून गर्जना झाली. "गाढवा, हे काय चालवलंयस? माझ्या दारातला आवाज चोरून तिकडे दुसऱ्याची पोरं उपाशी ठेवतोस? आई-बाप भांडत बसले तर घास कोण भरवणार? बंद कर ते! आत्ता बंद कर!"

मामा ताडकन उठला आणि सवयीने म्हणून गेला, "हो, ताई!"

एक तिकाटी आडवी झाली. साहेब ओरडले, "सुरेंद्र, हे कोण?"

"आमची... वासंतीताई, सर."

"झुडपात?"

गच्चीवर वरद पोट धरून बसला. योगिनी हसली नाही. ती दुर्बिणीतून फांदीकडे बघत होती. भलत्याच आवाजाने खंड्या उडाला होता. आता कार्यक्रम फसला तर? तो परतलाच नाही तर?

मामाने झुडपात हात घालून स्पीकर बंद केला. प्लॉट शांत झाला. सगळी माणसं तशीच उभी राहिली. आणि त्या शांततेत मातीच्या कापातून अगदी क्षीण आवाज आला. पिल्लांचा. मामाची मान झटकन बिळाकडे वळली; त्याला तो ऐकू आला, हे योगिनीला दुर्बिणीतून कळलं.

"मागे या," मामा हलक्या आवाजात साहेबांना म्हणाला. "सर, सगळेच मागे या. रस्त्यापर्यंत."

"आणि माझा फोटो?"

"सर, पिल्लं उपाशी आहेत. चूक माझी आहे."

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. पण त्यांनीही बिळाकडे कान दिला आणि मुकाट्याने कॅमेरा उचलला.

बराच वेळ काही हललं नाही. मग निळी रेघ चमकली. खंड्या बेडूक घेऊन सरळ बिळात शिरला. आत एकदम कल्ला उसळला! तो बाहेर पडतो न पडतो, तोच मादी टोळ घेऊन आली!

"खाल्लं! खाल्लं त्यांनी!" करिष्मा नाचायला लागली.

मामा जिना चढून गच्चीवर आला. पाठोपाठ धापा टाकत रणजीत साहेब. मुलं एका ओळीत उभी राहिली.

"स्पीकरमधलं कार्ड कुणी बदललं?" साहेबांनी विचारलं.

"मी," तिघंही एकदम म्हणाली.

साहेबांना हसू आवरलं नाही. "सयाजीला मीच सांगितलं होतं तुम्हाला हाकलायला. पक्षी आम्ही पळवत होतो आणि नाव तुमचं घेत होतो. शाबास रे पोरांनो! यापुढे आमच्या क्लबात कुणी स्पीकर आणणार नाही. आणि कुठे बसायचं, ते तुम्हाला विचारून ठरवू."

जिन्यातून सयाजीकाकांचा आवाज आला, "म्या उगाच वराडलो पोरांवर. लई गुनाची हायत."

मामा खाली गेला, लोखंडी गज उपटला आणि वाळकी फांदी दूर नेऊन टाकली.

सुट्टी संपायच्या आत एका सकाळी बिळाच्या तोंडाशी आखूड चोचीचं एक डोकं दिसलं. योगिनीने हाक मारली आणि मामा कॅमेरा घेऊन धावत आला.

"इथून काढू?"

"नको. अजून मागे."

मामा चार पावलं मागे सरला. "इथून?"

"अजून!"

सरकत सरकत तो रस्त्याला लागला. बाजारात निघालेला कांद्याचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर ओरडला, "ओ भाऊ, मागं बघा की!"

"ओरडू नका हो," मामा ओठांवर बोट ठेवून म्हणाला. "पिल्लू बाहेर येतंय."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरून बघत उभा राहिला.