यादीत नाव नाही

गेल्या चैत्रातली गोष्ट. भर दुपारची आहे, त्यामुळं ऐकणाऱ्याला ती भीतीची वाटत नाही. मीही फारशी कुणाला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

कराडच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी एमआरआय काढतो. जेवणानंतरची पहिली पेशंट खटाव भागातली होती. हरणाबाई, वय बासष्ट. सोबत मुलगा मल्हार, मेंढरांमागं उन्हातान्हात रापलेला.

"सायेब, कोरोनाच्या तापातनं उठल्यापासनं आईचं कायतरी बिघडलंय," तो म्हणाला. "चार वर्सं झाली. हाताला मुंग्या येत्यात, बोलता बोलता शब्द इसरती. आन् सारका वल्या घोंगड्याचा वास येतोय म्हनती. बा गेल्यापासनं घरात घोंगडंच न्हाई."

"आणखी काही?"

मल्हारनं आवाज खाली आणला. "कानात कुनीतरी इचारतंय म्हनती... डागदर म्हनले, मेंदूचा फोटू काढा. डाग दिसला तर बरंच की. औषिद तरी करता येईल."

मी फॉर्म भरायला घेतला. पतीचं नाव विचारलं, तर हरणाबाईंनी पदर पुढं ओढला आणि मुलाकडं पाहिलं.

"तू सांग रं."

"कोंडीबा," मल्हार म्हणाला.

माझं पेन तिथंच थांबलं. ही बाई मी आधी पाहिली होती.

दुसऱ्या लाटेत एका शाळेतल्या कोविड सेंटरच्या दाराशी माझी ड्यूटी लागली होती. हातात पेशंटची यादी, अंगाला चिकटलेला तो प्लॅस्टिकचा झगा. नाव यादीत असलं की नातेवाइकाला आत सोडायचं आणि खिडकीच्या काचेतून पेशंट दाखवायचा, एवढंच काम. एके दुपारी एक बाई एकटीच चालत आली. पेशंटचं नाव विचारलं तर म्हणाली, "मल्हारचा बा." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मल्हार तेव्हा मेंढरं घेऊन लांब कुठंतरी अडकला होता, हे मला कुठं माहीत? "यादीत असलं नाव नाही," म्हणून मी तिला परत पाठवलं.

माझ्या आजीनं जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. मग मला कळलंच नव्हतं, असं कोणत्या तोंडानं सांगू? कळलं होतं. पण उन्हानं डोकं फिरलं होतं आणि तिच्यामागं पंधरा माणसं उभी होती. नुसतं गाव विचारलं असतं तरी भागलं असतं. मी तेवढंही विचारलं नाही.

तो माणूस पहाटे गेला. सकाळी माया सिस्टर म्हणाली, "कोंडीबा रात्रभर एकच विचारत होते. बाई आली का माझी?"

हरणाबाईंनी मला ओळखलं नाही. त्या झग्यात कोण ओळखणार? त्यांनी हातातलं चांदीचं कडं मल्हारकडं दिलं आणि निमूट आडव्या झाल्या. मी डोक्यावर जाळी बसवली, हातात रबरी फुगा दिला. "मावशी, भीती वाटली तर हा दाबा." मल्हारला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मी काचेअलीकडच्या माझ्या खोलीत आलो.

मशीन ठकठक करू लागलं. पहिला भाग संपला की थोडा वेळ ते शांत होतं. त्या शांततेत मला वास आला. एसीच्या गार हवेत, ओल्या लोकरीचा, पावसात भिजलेल्या घोंगड्याचा. मग समोरचा स्पीकर खरखरला. त्यावर आतल्या पेशंटचा आवाज येतो, दुसऱ्या कुणाचा येत नाही.

"बाई आली का माझी...?"

पुरुषाचा आवाज. धाप लागलेला, दमलेला. मी मागं वळून पाहिलं. दार बंद होतं. आतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर हरणाबाईंचे ओठ मिटलेले होते. फुगा त्यांनी दाबला नव्हता.

मग त्या हळूच बोलल्या. "ऐकलं न्हवं तुमी...? म्या लय येळा सांगितलं. माझं ऐकू जात न्हाई त्यास्नी. तुमी सांगा की."

"काय सांगू...?" मी माईकचं बटण दाबून विचारलं.

"मी आलीवती म्हनून सांगा. दारातल्या मानसानं सोडलं न्हाई..."

माईकच्या बटणावर पुन्हा बोट ठेवलं. मी ते दाबलं.

"कोंडीबा... तुमची बाई आली होती. मीच परत पाठवली."

स्पीकर गप्प झाला. वास हळूहळू विरला. उरलेला स्कॅन मी कसा काढला, मला आठवत नाही.

मशीनमधून बाहेर आल्यावर हरणाबाई उठून बसल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमीच व्हय ते?"

मी मान हलवली. वर बघायचा धीर झाला नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लय घाम आलावता तुमास्नी त्या दिशी," त्या म्हणाल्या आणि कडं हातात घालायला मुलाकडं गेल्या.

स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही. मल्हारचं तोंड उतरलं. पण पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. मुंग्या अजून येतात, शब्दही विसरतात, पण वास गेला आणि कानातलं विचारणंही थांबलं. गोळ्या लागू पडल्या म्हणाला. मी बरं म्हणालो.

थांबलं, ते त्यांच्याकडं थांबलं. स्कॅनच्या दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी मशीन सुरू करतो, तेव्हा आत कुणी नसतं. मी माईक बंद आहे ना ते दोनदा तपासतो. तरी खोलीत ओल्या घोंगड्याचा वास येतो आणि स्पीकर खरखरतो. तोच दमलेला आवाज, पण आता तो बाई आली का, असं विचारत नाही.

"मग... तिला आत का सोडलं न्हाई?"