पाहुणे बघायला येणार

कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली आणि मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. चेंगरत आत चढते, तर त्याच जागेपाशी एक उंच तरुण उभा!

"सरका. तो रुमाल माझा आहे," मी गुरकावले.

"व्हय, तुमचाच," तो हसला. "पण त्याच्या खाली काय दिसतंय?"

खाली… दुसरा रुमाल! म्हणजे त्यानं आधी टाकलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मात्र गुपचूप आपला रुमाल ओढून घेतला आणि सांगलीपर्यंत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सूतगिरणीत हजर झाले आणि गारच पडले. प्रशिक्षण खात्यात मला शिकवायला तोच! धनाजी सर, आटपाडीचे. ही शहाण्णव सालची गोष्ट. मी कोरेगावची स्वप्ना, वर्षभराची अ‍ॅप्रेंटिस. नव्या मुलींना साच्यावरचं, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरचं, काम कसं शिकवायचं, ते मी शिकायचं. वर्षाअखेर परीक्षा. पास झाले तर कायमची नोकरी, नाहीतर बॅग उचलून कोरेगाव!

तुटलेला धागा मी चुटकीसरशी जोडायची. पण एखादी मुलगी अडखळली की मला राहवायचं नाही, तिच्या हातातून धागा ओढूनच घ्यायचे.

"हात मागं!" सर म्हणायचे. "तुमी जोडला तर ती काय शिकली? तिला विचारा, कुठं चुकतंय."

"आणि नाहीच सांगता आलं तर?"

"परत विचारा."

"तुमच्या बायकोचं अवघड आहे बाई! मीठ कुठंय विचारलं, तर म्हणाल… तुला काय वाटतं?"

"पण मीठ कमी पडलं तर ओरडणार न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लालबुंद झाले.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागले होते. पण त्यांच्या मनातलं कळेल तर शपथ! माणूस नुसते प्रश्न विचारतो, उत्तर म्हणून देत नाही.

आमच्या गिरणीत परीक्षक, इन्स्पेक्टर, सगळ्यांना 'पाहुणे' म्हणायची पद्धत. त्यामुळे एका मंगळवारी सर म्हणाले, "गुरुवारी पाहुणे तुमाला बघायला येतायत. इथं खात्यातच. आधी काम बघतील, मग बोलतील. तुमची… हरकत न्हाई ना?" तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणाले, "हरकत कसली? मी वर्षभर याचीच तर वाट बघतेय!"

सरांच्या हातातली सुताची बॉबीन खाली पडली. मला वाटलं, घाम आला असेल हाताला.

गुरुवारी साडी नेसून उभी राहिले. पाहुणे आले, म्हणजे एकटी नऊवारीतली एक बाई, हातात पिशवी. परीक्षक अशा? असतील बाई! मी हात मागे बांधले आणि नव्या मुलीसारखा त्यांनाच धागा जोडायला लावला. चारदा तुटला.

"काकू, कशानं तुटत असेल?"

"आगं… लय ताणतीया व्हय मी?" आणि पाचव्यांदा जोडलाच त्यांनी! लहान मुलीसारख्या हसल्या. मग म्हणाल्या, "सैपाक येतो का गं?"

परीक्षेत स्वयंपाक? मी उत्तर शोधतेय तोवर त्यांनी पिशवीतून खण-नारळ काढला.

"सर! ही… परीक्षाच ना?"

सरांचा चेहरा पांढराफटक. "परीक्षा सोमवारी हाय! ही माझी आई… बनुबाई. मंगळवारी विचारलं की तुमाला! तुमी तर म्हणालात, वर्षभर…"

धरणीमाय, पोटात घे गं! हसू की रडू कळेना. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिकवणारा माणूसही परीक्षकांत असतोच, म्हणजे सोमवारी मला मार्क देणार सरही!

"काकू, ओटी आज नको," मी कशीबशी म्हणाले. "आज भरलीत, तर मी पास झाले तरी सगळी गिरणी म्हणेल, सरांची होणारी बायको म्हणून झाली."

सर तडक निघून गेले. संपलं सगळं… माझे डोळे भरून आले.

दहा मिनिटांत ते धापा टाकत परतले. "परीक्षकांतून नाव काढून आलो. मॅनेजरसाहेबांनी कारण विचारलं."

"मग?"

"सांगितलं, ती मला आवडते."

"अगं बाई! अख्ख्या ऑफिसात सांगून आलात? आणि मला?"

"तुमाला… सोमवारनंतर. लय प्रेशर नको."

सोमवारी तीन अनोळखी साहेबांनी माझा घाम काढला. संध्याकाळी फळ्यावर नाव लागलं. पास! धावत गेटबाहेर आले, तर बनुबाई पायरीवर बसलेल्या, शेजारी सर अवघडून उभे. चार दिवस बहिणीकडं सांगलीतच थांबल्या होत्या.

"पास झाले, काकू!"

"नापास झाली असतीस तरी मी ओटी भरणार हुते," त्या नारळ काढत म्हणाल्या. "पर तुला चाललं नसतं. म्हून थांबले. ही नुसती माझी पसंती, बाकीचं तुझ्या आई-बापाला इचारून."

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला तू पाहिजेस, स्वप्ना."

मी पदर पुढे केला.