गाळलेला रस्ता

तिवराई घाटाच्या पायथ्याशी उभ्या केलेल्या फिरत्या प्रयोगशाळेत डॉ. यामिनी केळकर पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. ठिपका म्हणजे दुर्गा कोकरे, त्यांची चाचणीचालक. सोलापूरहून निघून तिला चार तास झाले होते.

फेरी खरं तर नेहमीच्या चाचणीची होती. पण पहाटे रक्तपेढीचा फोन आला. घाटमाथ्यावरच्या रुग्णालयात एक बाळंतीण रक्तस्रावानं खचत चालली होती आणि तिचा गट बॉम्बे ब्लड ग्रुप, दहा हजारांत एखाद्याचा. घाटात दरड पडल्यानं मोटार जाईना, वाऱ्यापुढे ड्रोन टिकेना. दगडांच्या फटींतून निघालीच तर दोन चाकंच निघाली असती.

"आली बघा," गुरुनाथ तावडे म्हणाले. चाचणीच्या दोन्ही मोटारसायकली त्यांनीच घडवल्या होत्या.

ढेरपोटी, रुंद बैठकीची 'सुखयात्री' येऊन थांबली. दुर्गा उतरली. चार तासांच्या प्रवासाचा शिणवटा तिच्या चेहऱ्यावर नावालाही नव्हता. ती सगळी संवेदनगाळणीची करामत. हेल्मेटच्या कडेत बसवलेलं ते वलय रस्त्याचे हादरे, वाऱ्याचे तडाखे, गाडीचा कल, अंगाला होणारा प्रत्येक स्पर्श, सगळं मेंदूकडे पोचण्याआधी चौथाईवर आणून ठेवी. शेजारी सडपातळ 'घाटझेप' उभी होती. तिच्यावर बसलं की गाळणी आपोआप बंद होई, कारण घाटात रस्ता अंगाला कळावाच लागतो.

दुर्गानं सोलापूरहून आणलेली रक्ताची पेटी घाटझेपला आवळली.

"दुर्गाताई, घाटजाईला नारळ?" तावडेंनी सवयीनं विचारलं. दुर्गा देवीच्या ठाण्यावर थांबल्याशिवाय घाट चढत नसे.

"उतरताना पाया पडते म्हणावं. तिच्याच लेकीचं काम आहे, रागवायची नाही ती."

आणि ती गेलीसुद्धा.

तिसऱ्या वळणावर गाडीच्या तोलाचा आलेख थरथरला. चौथ्यावर ठिपका दरीच्या कडेला गेला आणि झटक्यात आत ओढला गेला.

"मॅडम!" हेल्मेटमधून दुर्गाचा धापा टाकणारा आवाज आला. "गाडीला काय झालंय? खडा लागला तरी धोंडा आदळल्यासारखा वाटतोय. जरा कलली की पडलेच म्हणून हात आपोआप ब्रेकवर जातोय."

तावडेंनी आकडे चाळले. "गाडी ठणठणीत आहे हो! सदतीस फेऱ्या झाल्यात या घाटात, एकदाही असं नाही."

सदतीस. यामिनीबाईंनी जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक फेरीत गाडी बदलणं आणि घाट चढणं यांमध्ये अठराएक मिनिटांची जागा मोकळी होती. नारळ, प्रदक्षिणा, घोटभर चहा. पुण्याच्या कार्यालयानं तो वेळ 'निरुपयोगी' म्हणून अहवालातून वगळला होता आणि त्यावर सही होती यामिनीबाईंचीच.

त्या तावडेंकडे वळल्या.

"तावडे, अंधारात बसलं की हळूहळू दिसायला लागतं ना?"

"लागतं. त्याचं इथं काय?"

"उजेड वाढलेला नसतो, डोळा हावरा झालेला असतो. चार तास आपण हिला चौथाई रस्ता दिला. मेंदूनं आपली भूक चौपट केली. आता तिला अख्खा रस्ता मिळतोय, म्हणजे जाणवतोय चौपट. भूक उतरायला अठरा मिनिटं लागतात. ती देवीपाशी उतरत होती. आपल्याला वाटत होतं, आपलं यंत्र निर्दोष आहे."

"मग थांब म्हणा तिला!"

"बाळंतिणीकडे अर्धा तास आहे, तावडेसाहेब," दुर्गाच म्हणाली. तिला सगळं ऐकू जात होतं. "आणि मला अजून पंचवीस मिनिटं लागणार. थांबायचं कसं?"

मागोमाग टायर घासल्याचा कर्कश आवाज आला.

"गाळणी चालू करा," यामिनीबाई म्हणाल्या.

"घाटझेपवर?" तावडे उभेच राहिले. "मी ती कुलपात घातलीय, बाई! घाटात रस्ता गाळून दिला तर चाक सुटलेलं कळायचं नाही तिला. सरळ दरीत जाईल पोरगी."

"तुम्हाला कळणार नाही, मला कळणार नाही. तिला कळेल. भूक चौपट, घास चौथाई. हिशेब बरोबर येतो."

तावडेंनी पडद्यावरच्या सुखयात्रीच्या नोंदीवर बोट ठेवलं. "म्हणजे माझी सुखयात्री... चार तासांनी सुख देतच नाही?"

"ते भांडण मागाहून करू. तुमची किल्ली लावा."

त्यांनी कुलपाच्या पट्टीवर अंगठा टेकवला. यामिनीबाईंनी आपला टेकवला. क्षणभर काहीच झालं नाही. पडद्यावरचा ठिपका पुढच्या वळणात शिरला, कडेला सरकला, आणखी कडेला.

आलेख सपाट झाला.

"अगंबाई," दुर्गा म्हणाली. "रस्ता जागेवर आला की."

पुढची बावीस मिनिटं दोघांचे डोळे ठिपक्यावरून हलले नाहीत. यामिनीबाईंचे ओठ तेवढे हलत होते. दरडीपाशी ठिपका मुंगीसारखा सरकला, पण अडला नाही.

माथ्यावर इंजिन थांबलं. हातमोजे आणि हेल्मेट काढून बैठकीवर ठेवल्याचा आवाज आला, पेटीची कडी निघाली, पावलं धावत आत गेली. पाच-सहा मिनिटांनी पावलं गाडीपाशी परतली आणि आतून कोणी तरी ओरडलं, "लागली पिशवी! दाब वर येतोय!"

तावडेंनी घाटजाईला हात जोडले. यामिनीबाई मात्र ताडकन उठल्या. हेल्मेट काढलं म्हणजे गाळणी गेली. भूक तशीच होती.

"दुर्गाताई, कुणाला हात लावू देऊ नका! अठरा मिनिटं!" त्या हेल्मेटच्या कर्ण्यातून ओरडल्या.

उशीर झाला होता. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा रडका आवाज होता, "माझी लेक वाचवलीस गं माये, दे तुझे हात," आणि दुर्गाच्या तोंडून उमटलेली वेदनेची किंकाळी.

"सोडवून घ्या हात! दूर व्हा!"

दुर्गाचा श्वास मोठ्यानं येत होता.

"नको, मॅडम," ती दात आवळून म्हणाली. "धरू द्या त्यांना. किती थरथरतायत हो हात यांचे... तुम्हाला नाही कळायचं."