मानाचा धप्पा

बस. चहा होईस्तोवर सांगते. मध्ये बोलू नकोस, आधीच डोकं फिरलंय माझं.

रंगपंचमीला सकाळी दळण टाकायला निघाले होते. बघते तर आळीतली रहाड उकरायला घेतलेली. तू गंगापूर रोडची, तुला काय ठाऊक! आमच्या जुन्या नाशकात रस्त्याखाली दगडी हौद आहेत, त्या रहाडी. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बंद. रंगपंचमीला उघडायच्या, फुलांचा रंग उकळून भरायच्या आणि आत उडी मारायची. तिला धप्पा म्हणतात. पहिला धप्पा मानकऱ्याचा. आमच्याकडे मान यादवतात्यांचा.

आमची रहाड चाळीस वर्षं उघडलीच नव्हती. का, ते विचारायची सोय नाही. आता पोरांनी आळीच्या इतिहासाचा चकचकीत फलक लावलाय. त्यावर पेशवे आहेत, गोदेचे पूर आहेत. माझा भाऊ नाथा नाही.

त्या वर्षी नाथानं मानाआधी उडी मारली. अठरा वर्षांचा पोर, अंगात मस्ती! तात्या तेव्हा तरणेबांड. म्हणाले, "जिरवा याची जरा." वरून फळ्या सरकवल्या मेल्यांनी! ढोल जोरात वाजत होते. फळ्या काढल्या तर आत नाथा नाही. पाणी उपसलं, तरी नाही. मी ओट्यावरून सगळं पाहिलं, घसा फोडून सांगितलं. पण बारा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतंय? 'पळून गेला' म्हणून आळीनं हात झटकले. आई त्याची वाट बघत गेली.

दळणाचा डबा मी तिथंच आपटला. "तात्या, पुन्हा उघडताय? लाज वाटत नाही?"

"जुनं उगाळू नको, ललिता. सणाचा दिवस आहे."

"माझा भाऊ द्या, मग करा सण!"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. दुपारी पूजा झाली. डोक्यावर रणरणतं ऊन, पण रहाडीच्या काठाशी गार लागत होतं. फुलं ताजी होती आणि वास मात्र कुजल्याचा… ढोलवाले न सांगता थांबले.

तात्यांनी देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली. धप्पा झाला. पाणी हललं, मग निवळलं… तात्या वर येईनात. पोरं आत उतरणार, तेवढ्यात त्यांनी काठ धरला. धापा टाकत होते. त्यांच्या मुलानं, मयूरनं, हात पुढं केला, "बाबा, या." त्यांनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं. मग गर्दीत मला शोधलं.

"चिमे… फळ्या का लावल्या गं?… आई कुठंय?"

मला चिमी फक्त नाथा म्हणायचा.

खरं सांगू, भीतीपेक्षा संताप जास्त झाला. मयूरला ओरडून म्हटलं, "अरे, तुझा बाप खाली राहिलाय! पाणी उपसा!"

"आत्या, बाबांना झटका आलाय. तमाशा नको."

संध्याकाळपर्यंत फळ्या पडल्या, माती पडली, रीतीप्रमाणे. डॉक्टर म्हणतात, वयाचा परिणाम. असेल बाई! तो माझ्या घरात आत बसलाय ना, भाकरी खातोय, तो मयूरच्या घरात पाऊल टाकत नाही. डाव्या हातानं जेवतो. तात्या उजवे होते, नाथा डावखुरा.

काल मयूर आला. तोंडावर रक्त नाही. म्हणे, रहाडीवरून गेलं की खालून कोणीतरी त्याला नावानं हाक मारतंय… हळू आवाजात.

म्हटलं, "मग उघड ना!"

मान खाली घालून म्हणतो, "रंगपंचमीशिवाय उघडायची रीत नाही, आत्या."

आत्ता कुठं पाडवा झालाय.