डब्यांची माळ

ये, पुढेच बस. दार जरा जोरात ओढ, अडकतं ते. पट्टा राहू दे रे आत्ता, हायवेला लागलो की बघू.

दुकान लवकर बंद करून आलेय मी. दिवसभर लोकांना "ही ओळ वाचा, ती ओळ वाचा" करून त्यांच्या चष्म्यांचे नंबर काढायचे, आणि संध्याकाळी माझेच डोळे चुरचुरतात. त्यात हे धुकं. तेव्हा गाडी सावकाश चालवणार, कंटाळलास तरी बोलायचं नाही. तसाही आज तू बोलतोयस कुठे? मागच्या आठवड्यात फोनवर "काकू, परवानगी द्या ना, काकू, माळ पुन्हा सुरू करू द्या ना" करून माझं डोकं खाल्लंस, आणि आज मूग गिळून बसलायस. बस बापडा. ऐक तर.

माळ आम्ही दोघांनी लावली, मी आणि माझ्या नवऱ्यानं. आधी आम्हीही शहाण्यासारखे खेळायचो. कुणीतरी डबी लपवायची, जागा नकाशावर टाकायची, दुसऱ्यानं शोधून आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं. टेकडीवर, तळ्याकाठी, जुन्या पुलाखाली. एका डबीसाठी अख्खी सकाळ जायची, पण जायची मजेत. मग याला आकड्यांचं खूळ लागलं, एका दिवसात जास्तीत जास्त डब्या. लिफ्ट दुरुस्त करायचा ना तो, दिवसभर वर-खाली, वर-खाली. म्हणायचा, "मला जरा सरळ जाऊ दे की." म्हणून हायवे. प्रत्येक दिव्याच्या खांबाखाली एक डबी. थांब, उतर, उचल, पळ.

तुझं म्हणणं, हायवे सोयीचा. रस्ता सरळ, खांब समोर, चुकायची भीती नाही. अरे, पण तो थांबायचा रस्ता आहे का? ट्रक बाजूनं गेला की उभी गाडी हलते. उतरणाऱ्याला मागचं दिसत नाही, मागच्याला उतरणारा दिसत नाही. आणि काही झालं तर वळता येत नाही, मधे दुभाजक. पुढचा फाटा येईपर्यंत जीव मुठीत धरून पुढेच जायचं. मी त्याला हे शंभरदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि ती अदलाबदल. तुम्ही मुलंही तसंच करता, मला माहीत आहे. खांबाशी उभं राहून सही करायला वेळ कुणाला? सही केलेली एक डबी हातात तयार ठेवायची. ती खांबाखाली टाकायची, तिथली उचलायची, आणि चालत्या गाडीत तिच्यातल्या चिठ्ठीवर सही करून ती पुढच्या खांबाखाली. म्हणजे प्रत्येक गाडी गेली की डब्या एकेक खांब पुढे सरकतात. सगळ्या दिसायला सारख्या. कुठली मूळची कुठली, कोण बघतंय? एक ठेवली, एक उचलली, हिशेब जुळला.

त्या दिवशीही असंच धुकं होतं. दिवस मावळायचा होता, पण दिवे लागले होते. मी गाडी चालवत होते, तो उतरत होता. आत आला की दार ओढायचा आणि मला एका नावानं हाक मारून गाडी सोडायला सांगायचा. दर वेळी. चिडवायचा मला त्या नावानं. काय नाव ते मी तुला सांगणार नाही. ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ती माझी खूण आहे.

एका खांबाशी तो उतरला. मागून एक ट्रक गेला, लांबलचक हॉर्न वाजवत. नुसता आवाज आला आणि पाठोपाठ वारा. ओल्या मातीचा वास आला, नुकत्या खणलेल्या खड्ड्यासारखा. मग दार उघडलं, तो आत येऊन बसला. हातात डबी. जॅकेट त्याचंच, चेहरा त्याचाच. मी आपली हाकेची वाट बघत थांबले.

हाक नाही आली.

"काय रे, लागलं का कुठे?" मी विचारलं.

तो समोर बघत होता. हळूच म्हणाला, "ताई... मला घरी सोडाल का? आई जेवायची थांबली असेल..."

ताई! स्वतःच्या बायकोला! मला आधी हसू आलं, खरंच सांगते. म्हटलं, गंमत करतोय मेला. मग लक्षात आलं, त्यानं पट्टा लावलेला नाही आणि गाडी गप्प आहे. या गाडीत पट्ट्याशिवाय कुणी बसलं की टिंगटिंग सुरू होतं. भाजीची पिशवी ठेवली तरी कोकलते ती. आणि माझा धिप्पाड नवरा बाजूला बसलाय, आणि आवाज नाही. सीटवर वजनच नव्हतं रे...

एक ठेवला होता. एक उचलला होता.

मी वळायला फाटा शोधत सुटले. धुक्यात काही दिसेना, फाटा येता येईना. रडत होते, देवाला हाका मारत होते, आणि तो शेजारी बसून अगदी नम्रपणे म्हणत होता, "ताई, सावकाश..." कशीबशी त्या खांबाशी परत आले. त्याला म्हटलं, "उतर. तुझ्या पाया पडते, उतर आणि माझा माणूस मला परत दे." त्यानं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. म्हणाला, "नाही ताई... कितीतरी दिवसांनी सुटलोय. मला परत नका उतरवू..."

मग मीच उतरले. डबीबिबी उचलायचं सुचलं नाही, नुसती हाका मारत धावले. खांबाशी कुणीच नव्हतं. पुढे धुक्यात एका गाडीचे मागचे लाल दिवे लांब जात होते. खेळणाऱ्यांचीच गाडी. माझ्यामागून आली, त्या खांबाशी थांबली आणि डबीबरोबर त्यालाही घेऊन पुढे गेली.

माझ्या घरी आहे ना तो, माझ्या नवऱ्याच्या अंगात बसलेला. सासूबाई त्याला भरवतात. त्यांना वाटतं, मुलाच्या डोक्याला मार लागलाय. दारात उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतो, "मला घरी सोडा." दया येते मला त्याची. रागही येतो. दोन्ही येतं.

माळ खेळातून काढून टाकली सगळ्यांनी, पण डब्या मी काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर तो आहे तिथेच राहिला असता. कुणीतरी हावरट यावं, अदलाबदल करत जावं, म्हणून देव पाण्यात घालून बसले होते मी. जे जे तरीही चोरून त्या रस्त्यानं खेळून आले, त्यांना काही ना काही निमित्त काढून या सीटवर बसवलं. "पट्टा राहू दे" म्हटलं. प्रत्येकाच्या वेळी टिंगटिंग झालं. मी घरी जाऊन रडले.

आणि मग तू. रविवारी मित्राला घेऊन अख्खी माळ करून आलास, फोटोही पाठवलास. मित्र गाडी चालवत होता, म्हणजे उतरत तू होतास.

केव्हाचे चाललोय आपण. तू पट्टा लावलेला नाहीस... आणि ऐक... काही ऐकू येतंय?

मलाही नाही.

कोण आहेस? मी घाबरत नाही आता. कुणीही असलास तरी सांग, एखादी म्हातारी असलीस तरी सांग, मी ओरडणार नाही. पण तो असलास तर... अरे, बोल ना रे...

काय म्हणालास?

पुन्हा म्हण.

"चला, हेडबाई... सोडा गाडी."

अगं आई गं. तूच आहेस. तूच आहेस रे... मग इतका वेळ गप्प का बसलास, मेल्या? हात दे इकडे. किती गार पडलाय. हे कोवळं मनगट, ही दुसऱ्याचीच बोटं... असू दे. मला चालतील.

फोन वाजतोय. खिशात तुझ्या. म्हणजे... त्याच्या. काढ बघू. "आई" दिसतंय. नको, उचलू नकोस. काय सांगणार आहेस तू तिला? वाजू दे. थांबेल.

पुन्हा वाजतोय. उलटा करून ठेव तो.

खांब आला. तिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी थांबवणार नाही गाडी. आता काही झालं तरी थांबवणार नाही.

आत्ता... "काकू" अशी हाक आली का रे बाहेरून?

काच वर घे.